फेडरच्या १२८ पायऱ्या

गेल्या लग्नसराईत पंचवटीतल्या एका हळदीला माझा मावसभाऊ डीजे म्हणून वाजवत होता. ओळखीच्या पथकाकडून त्याने नाशिक ढोलाचा एक ठेका, मिनिटाला बरोबर १२० ठोके धरून, रेकॉर्ड करून घेतला होता आणि तो गाण्याखाली सलग वाजत ठेवायचा त्याचा बेत होता. लॅपटॉपवरच्या डीजे सॉफ्टवेअरला ढोलाचा ठोका नीट ओळखता येत नसल्यामुळे त्याने सिंक, म्हणजे दोन्हींची गती आपोआप जुळवणारी सोय, बंद ठेवून गाण्याची गती हातानेच जुळवली. सुरुवात छान झाली. पण मिनिटभरातच गाण्याचा ठोका आणि टिपरूचा आघात एकमेकांपासून सुटू लागले. गणपतीत ढोल ऐकत वाढलेल्या माणसांच्या कानांतून असली फट निसटत नाही. घरी येऊन आम्ही कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअर चालवायची बटणे आणि नॉब असलेली पेटी, लॅपटॉपला जोडून पाहिला, तेव्हा दोष सापडला तो टेम्पो फेडरच्या, म्हणजे गाण्याची गती बदलणाऱ्या सरकपट्टीच्या, मॅपिंगमध्ये: कंट्रोलरवरच्या कोणत्या भागाने सॉफ्टवेअरमधले काय हलवायचे, हे सांगणाऱ्या नोंदींत.

कंट्रोलरमधून लॅपटॉपकडे आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. हे आकडे कसे पाठवायचे याचा करार म्हणजे मिडी. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने तो आकाराला आला आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून तो जाहीरपणे दाखवण्यात आला. मूळ मिडी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच होता, त्यामुळे संदेश आटोपशीर ठेवणे भागच होते. नेहमीचा संदेश तीन आकड्यांचा असतो. मी फिल्टरचा, म्हणजे आवाजातले जाड किंवा बारीक सूर गाळणारा, नॉब मध्यावर आणला की पडद्यावर ‘१७६, २३, ६४’ असे उमटते. यातला १७६ म्हणजे पहिल्या चॅनलवरचा एखादा नॉब किंवा फेडर हलला, २३ हा त्या नॉबचा क्रमांक आणि ६४ ही त्याची आत्ताची जागा. तो नॉब फिल्टरचा आहे, हे या संदेशात कुठेही लिहिलेले नसते.

ते लिहिलेले असते मॅपिंगच्या फाइलमध्ये. शेवटी तीन एक्स असलेल्या ‘मिक्स’ या मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल साध्या मजकुराची असते आणि कोणालाही उघडून वाचता येते: अमुक क्रमांकाचा आकडा आला की डाव्या डेकचा, म्हणजे एक गाणे वाजवणाऱ्या डाव्या बाजूचा, अमुक भाग हलवा, अशा नोंदींची ती यादी आहे. नोंद स्वतः टंकायची नसेल, तर सॉफ्टवेअरला शिकवताही येते. पडद्यावरचा भाग निवडायचा, कंट्रोलरवरचा नॉब फिरवायचा, की दोघांची गाठ पडते. त्याहून गुंतागुंतीचे काम हवे असेल, तर फाइलला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेची जोड देता येते.

तिथे पहिल्यांदा हात घालणारा जवळपास प्रत्येक जण एकाच जागी अडखळतो. बटण दाबल्यावर सहसा १२७ हा आकडा येतो आणि सोडल्यावर ० येतो, म्हणजे एका दाबण्याचे दोन संदेश होतात. आलेला आकडा न तपासता ‘गाणे चालू असेल तर थांबव, थांबले असेल तर चालू कर’ एवढेच लिहिले, तर बोट बटणावर असेपर्यंत गाणे वाजते आणि बोट उचलताच बंद पडते. कंट्रोलर बिघडला असे वाटून माणूस दुकान गाठतो. खरे तर आकडा शून्य असेल तेव्हा काहीच करू नये, अशी एक ओळ लिहिली की काम होते.

आता फेडरकडे वळू. मिडीतला एक आकडा ० ते १२७ एवढाच असतो, त्यामुळे कितीही गुळगुळीत सरकणारा फेडर सॉफ्टवेअरला १२८ पायऱ्यांचा जिना दिसतो. गतीची मर्यादा उणे ८ ते अधिक ८ टक्के असेल, तर एक पायरी सुमारे ०.१२६ टक्क्यांची होते. हवी असलेली गती दोन पायऱ्यांच्या मधोमध पडली, तर ०.०६३ टक्क्यांची चूक उरतेच. मिनिटभरात ती सुमारे ३८ मिलिसेकंदांची होते आणि चार मिनिटांत दीडशे मिलिसेकंदांवर जाते. मिनिटाला १२० ठोके असताना दोन ठोक्यांमधले अंतर अर्धा सेकंद असते, म्हणजे गाणे जवळजवळ एक तृतीयांश ठोका सरकले. हात कितीही तयार असला, तरी जी पायरीच नाही तिच्यावर तो थांबणार कसा?

यावरचा उपाय मूळ करारातच आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. एकाच फेडरला दोन क्रमांक द्यायचे, दुसरा क्रमांक पहिल्यापेक्षा ३२ ने जास्त. पहिला आकडा ढोबळ जागा सांगतो, दुसरा तिचे आणखी १२८ भाग पाडतो. अशा रीतीने १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि चार मिनिटांतली चूक मिलिसेकंदाच्या घरात येते. मावसभावाचा फेडर दोन्ही आकडे पाठवतच होता. ९ आणि ४१ हे क्रमांक पडद्यावर आळीपाळीने दिसत होते, पण फाइलमध्ये नोंद फक्त ९ ची होती. आम्ही ४१ ची नोंद घालून दोन्हींची जोडी लावून दिली.

त्याच बैठकीत सॉफ्ट टेकओव्हरही चालू केले. डेक बदलल्यावर फेडरची खरी जागा आणि सॉफ्टवेअरमधली किंमत वेगळी असेल, तर ही सोय नसताना पहिल्या स्पर्शालाच आवाज किंवा गती उडी मारते. ती असली, की फेडर जुन्या किंमतीपाशी पोहोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याचे ऐकत नाही.

कंट्रोलरवरच्या पॅडखालचे, म्हणजे बोटाने दाबायच्या चौकोनी बटणांखालचे, दिवे मात्र उलट दिशेने चालतात. सॉफ्टवेअर तसेच तीन आकडे कंट्रोलरकडे पाठवते आणि दिवा लागतो. ढोलाच्या पॅडचा दिवा प्रत्येक ठोक्याला लुकलुकावा, असे आम्ही चार ओळींत लिहिले. आता पडद्याकडे न पाहताही मावसभावाला कळते, की ढोलाची सम गाण्याच्या समेवर पडते आहे की नाही.