कामोत्तेजन : मानसिक घटक व कल्पनारंजन

प्रौढ व्यक्तीच्या लैंगिक उत्तेजनात स्पर्शाबरोबरच लक्ष, स्मृती, अपेक्षा व कल्पना यांचा मोठा वाटा असतो. शिश्नाला ताठरता दोन मार्गांनी येते. स्पर्शजन्य प्रतिक्षेप (आपोआप घडणारी प्रतिक्रिया) मज्जारज्जूच्या त्रिक, म्हणजे कमरेखालच्या, खंडांतून (२ ते ४) घडतो. दृश्य, आठवण वा कल्पनेने चाळवलेला संदेश मेंदूकडून मुख्यतः वक्ष-कटी खंडांतून (साधारणतः वक्ष ११ ते कटी २) उतरतो. त्रिक भागाला इजा झालेल्या काही रुग्णांत स्पर्शाने ताठरता येत नाही, पण कल्पनेने येते. मनोजन्य उत्तेजनाचा मार्ग निराळा असल्याचा हा ठोस पुरावा होय. चिंता व स्वतःच्या कामगिरीवर खिळलेले लक्ष यांनी तो मार्ग अडतो.

वात्स्यायनाने (काळ विवाद्य, बहुधा इ. स. तिसरे शतक) कामसूत्रात प्रीतीचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी संकल्पातून उपजणाऱ्या आभिमानिकी प्रीतीला कल्पनारंजनाचे (मनात लैंगिक प्रसंग रंगविण्याचे) पूर्वरूप मानण्याकडे कल दिसतो. तथापि तिची उदाहरणे औपरिष्टक (मुखरत), चुंबन अशा प्रत्यक्ष क्रियांची आहेत. निव्वळ मनोराज्याची नाहीत. समोरच्या व्यक्तीच्या ठायी ‘ही दुसरी कोणी नव्हे, तीच’ असे मानल्याने होणारी संप्रत्ययात्मिका प्रीती या संदर्भात अधिक जवळची वाटते. काहींनी तिचा अर्थ परस्परविश्वास असा लावला असला, तरी श्लोकाची रचना पाहता पहिला अर्थ अधिक ग्राह्य ठरावा.

सुखी माणूस कल्पनारंजन करीत नाही, अतृप्तच करतो, असे मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ मध्ये प्रतिपादिले. हॅरल्ड लायटनबर्ग व क्रिस हेनिंग यांच्या १९९५ च्या संशोधन-आढाव्यातून उलट चित्र पुढे आले : कामजीवनात अडचणी व असमाधान कमी असणाऱ्यांतच अशा कल्पना अधिक आढळतात. हे मत आज अधिक मान्य आहे. कल्पना म्हणजे कृतीची इच्छा नव्हे. मनात आलेल्या चित्रामुळे जोडीदाराशी प्रतारणा झाली असे समजून स्वतःला दोषी मानणाऱ्यांना हा भेद समजावून सांगणे अगत्याचे आहे.

पुणे व मराठी संदर्भ : उत्तर पेशवाईतील पुण्यात बहरलेल्या शृंगारिक लावणीत, विशेषतः विरहाच्या रचनांत, दूर असलेल्या प्रियकराच्या स्मरणाने जागणारी कामना वारंवार येते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले र. धों. कर्वे यांनी मुंबईहून चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात (१९२७–५३) वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरे दिली. त्यांवर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांची बाजू मांडली, पण निकाल विरुद्ध गेला. मासिक मात्र कर्व्यांच्या निधनापर्यंत चालू राहिले.