ओळी सांगणे (खानदेश)

आवडलेली कवितेची ओळ, ओवी किंवा अभंगाचे चरण बोलता बोलता दुसऱ्याला सांगणे आणि ऐकणाऱ्याने ते पाठ करून पुढे नेणे, हा जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतला जुना आणि आजही चालू असलेला प्रघात. त्यासाठी वेगळी बैठक लागत नाही. कापूस वेचताना, दिंडीत चालताना, हिवाळ्यात शेतात भरीत-भाकरीची पंगत बसली असताना ओळ आपसूक निघते. सांगणारा पुष्कळदा अर्धीच ओळ म्हणतो. एकाने ‘मन वढाय वढाय’ म्हटले, की दुसरा ‘उभ्या पिकातलं ढोर’ म्हणून ती पुरी करतो. पिकात शिरलेले ढोर हाकलून दमलेल्या माणसाला त्या ओळीचा अर्थ सांगावा लागत नाही.

या प्रघाताचे सर्वांत मोठे फळ म्हणजे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता. जळगावजवळच्या आसोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना तिला ओळी सुचत आणि ती त्या म्हणे. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या ऐकून उतरवून घेतल्या. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या. अत्रे भारावून गेले, त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. घरच्यांनी ऐकताना वही जवळ केली नसती, तर मराठीला ही कविता मिळालीच नसती. जे उतरवले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले, याची हळहळ वाचकाला आजही वाटते.

छापून आल्यावर ही कविता पुन्हा तोंडोतोंडी गेली. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या फळ्यावर, भाषणाच्या सुरुवातीला ‘अरे संसार संसार’ असतेच. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या म्हणीसारख्या वापरल्या जाणाऱ्या ओळी :

बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनूं नहीं
हरी नामाईना बोले, त्याले तोंड म्हनूं नहीं

बोंड उलणे, म्हणजे पिकून उमलणे, हे कापसाच्या मुलखात प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. नुसत्या फुशारक्या मारणाऱ्याला गप्प करायला यातली पहिली ओळ पुरते. दुसरी ऐकणारा मनात म्हणून घेतो.

बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हटली जाते, ते बरोबर नाही. ती जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवा गणबोली. अहिराणी मुख्यतः धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागातली, आणि तिचा ओळींचा साठा वेगळा आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीया) माहेरी आलेल्या लेकी झाडाला झोका बांधतात आणि म्हणतात :

आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं
कैरी तुटनी खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वं

ही ओळ कोणाची, हे कोणी विचारत नाही. थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे आणि माहेरून सासरी ती जाते, वाटेत एखादा शब्द बदलतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतची भुलाबाईची गाणी आणि श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशच्या लोकदेवीच्या, रात्री जागवणारी गाणी यांचेही तसेच.

पुरुषांकडे हा प्रघात मुख्यतः वारकरी वळणाने आला. मुक्ताईनगर परिसर संत मुक्ताबाईंच्या समाधीमुळे वारकऱ्यांचे ठाणे, आणि आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी निघते. कीर्तनकार आपल्या म्हणण्याला संतांच्या ओळीचे ‘प्रमाण’ देतो आणि ऐकणारे तिचा शेवट त्याच्याबरोबर म्हणतात. ‘मुंगी उडाली आकाशी’ असे बुवांनी उच्चारले, की मंडपातून ‘तिणें गिळिलें सूर्यासी’ असे उत्तर येते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनाही शेकडो चरणे पाठ असतात ती अशी. लिहिता येणाऱ्यांनी याच ओळी बाडांत, म्हणजे हस्तलिखित वह्यांत, उतरवल्या. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून समर्थ संप्रदायाची अशी बाडे गोळा केली. ती धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहेत.

छापील कवितेच्या काळातही इथे ऐकण्याला मान राहिला. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. त्यात धरणगावचा कोवळा त्र्यंबक बापूजी ठोंबरे आपली कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. ‘आनंदी आनंद गडे’ येत नाही असे मराठी पोर सापडणे कठीण, पण ‘औदुंबर’ मात्र मोठेपणी एकमेकांना सांगायची कविता आहे. ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन’ असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याला आपल्याच गावचा ओढा आठवतो. अमळनेरला १९५२ आणि २०२४ अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत.

आता ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्टेटसला फिरतात. पोच वाढली, पण दोन दोष शिरले. कोणाच्याही ओळीखाली बहिणाबाईंचे नाव टाकले जाते. आणि खऱ्या ओळी ‘शुद्ध’ करून पाठवल्या जातात, ‘नहीं’चे ‘नाही’ होते, ‘त्याले’चे ‘त्याला’ होते. यात नुकसान कवितेचे होते, कारण तिचा ठेका बोलीच्या उच्चारावर उभा आहे. ‘त्याला बोंड म्हणू नाही’ असे मोठ्याने म्हणून पाहिले तरी ते लगेच कळते. आसोदा-जळगावकडची जाणती मंडळी अशी ओळ आली की मूळ रूप लिहून परत पाठवतात.