ब्रँडीने बाळाची छाती मोकळी होत नाही

सर्दीने घुरघुरणाऱ्या बाळाला ब्रँडी चाटवली की ऊब येते, हा समज चुकीचा आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम लागतं, पण आतली उष्णता बाहेर जाते. रक्तातली साखरही उतरते. गुंगीने बाळ झोपतं आणि घरचे म्हणतात, गुण आला!

त्यापेक्षा बाळ शांत असताना पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर ताप नसला तरी लगेच आरोग्य केंद्र गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर १०८ ला फोन करा; महाराष्ट्रात ती रुग्णवाहिका मोफत आहे.