चोर्ला चढायला किती अश्वशक्ती लागते?

मामाची पिकअप यंदा बारा वर्षांची झाली. बेळगावच्या मार्केटमधून कोबी, मिरची, टोमॅटो भरायचे आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळी-म्हापशाला पोचवायचे, हे तिचं काम. परतीला भाडं मिळालं तर नारळ. गेल्या दिवाळीनंतर मामा म्हणाला, "घाटाला गाडी ओढंना झालीया रे. पंप वाढवून घेऊया, नाहीतर मोठा टर्बो बसवूया."

पंप म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून देणारा, टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा. मी म्हटलं, आधी हिशेब करू.

गाडी आणि माल मिळून २५०० किलो धरा. १५ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ धरा. ताशी ४० किलोमीटरने तो चढायचा तर निव्वळ वजन वर उचलायला साधारण १८ किलोवॉट लागतात. टायरच्या घर्षणात तीनेक जातात, हवा कापण्यात दीड. एकूण २३ किलोवॉटच्या आत, म्हणजे ३१ अश्वशक्ती. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमध्ये) मुरणारं धरलं तरी ३५. अडीच लिटरच्या जुन्या डिझेल पिकअपला कागदोपत्री ६० ते ७५ अश्वशक्ती असते. तीच गाडी त्याच चढाला सेकंड गिअरमध्ये २५ वर धापा टाकत असेल, तर तिला ताकद कमी दिलेली नाही, दिलेली ताकद कुठेतरी हरवली आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की हरवलेलं शोधून काढणं हेच पहिलं अपग्रेड. ते सगळ्यात स्वस्तही पडतं.

उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला. खानापूर भागातल्या तांबड्या धुळीचा मूठभर ढीग पडला. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचं झाकण सोडवलं आणि तोंडावर नुसतंच उपडं ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या पेटीत, उतरतो आणि हे झाकण ताटलीसारखं नाचायला लागतं. "रिंगा हायत अजून," मेस्त्री म्हणाले. खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. दोष सापडला तो टर्बोकडून येणाऱ्या रबरी होजमध्ये. क्लिपखाली नखाएवढी चीर होती. इंजिनाला भार आला की तिथून दाबलेली हवा शिट्टी मारत बाहेर जायची.

ही चीर एवढी महाग का पडते, ते डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोल गाडीत पायाखालचं पेडल हवा कमी-जास्त करतं. डिझेलमध्ये मुळात हवेवर लगाम नसतो, पेडल फक्त डिझेल कमी-जास्त करतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये दोघांना मिसळायला वेळ इतका थोडा असतो की प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा हाताशी लागते. ती नसली की अर्धवट जळलेला कार्बन काळा धूर होऊन निघतो. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथली हवा पणजीपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ.

"पंप वाढवून दे" म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं. हवा तेवढीच, डिझेल जास्त. सपाटीवर गाडी झटका देते, मालक खूश होतो. पण लांब चढावर एग्झॉस्टचं तापमान चढत जातं, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन ते फार काळ सोसत नाही. शेजारच्या गावातल्या एका गाडीचा असा वितळलेला पिस्टन मी हातात घेऊन पाहिला आहे. मध्यभागी मेणबत्ती टेकवावी तसा खड्डा होता. ज्याने स्क्रू फिरवला त्याने गाडीमालकाला हे आधी सांगायला हवं होतं.

म्हणून ताकद वाढवायचीच असेल तर हवा आधी, डिझेल नंतर. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या एग्झॉस्टकडूनच हवा दाबून घ्यायची, ही कल्पना तेव्हाची. पण दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, तेच इथे घडतं. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की टर्बोतून बाहेर पडताना ती १२० अंशांच्या पुढे असते, आणि गरम हवा विरळ असते. इंटरकूलरने, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीने, तिला ६० अंशांवर आणलं तर तेवढ्याच जागेत जवळपास २० टक्के जास्त हवा मावते. म्हणून मोठ्या टर्बोपेक्षा चांगल्या इंटरकूलरला माझं मत. त्याच्या जाळीत साचलेला चिखल आणि किडे धुऊन काढले तरी फरक कळतो.

आता उताराचं बघू. मामाची भरलेली फेरी उताराचीच आहे, आणि ताकदीच्या गप्पांत हीच गोष्ट कुणी काढत नाही. २५०० किलो वजन ६०० मीटर खाली आणलं की जवळपास दीड कोटी ज्यूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात नळाचं ४७ लिटर पाणी उकळायला येईल, म्हणजे अडीच-तीन घागरी. पाचवा हिस्सा टायर खातात. उरलेली इंजिनाने गिअरमध्ये अडवली नाही, तर सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि चाकावर जोर पोचत नाही. आमच्याकडचा आणि कोकणातला पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायलाच हवं. डॉट ४ घातलं तर ओल्या अवस्थेतही १५५ अंशांपर्यंत टिकतं. आणि उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा गैरसमज सोडायला हवा. गिअरमध्ये पाय उचलला की पंप डिझेल जवळजवळ तोडतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन फिरतं ठेवायला डिझेल जाळावं लागतं.

माल जास्त बसावा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवतात. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिलिमीटरच्या जागी ८ चा घातला की तो पाटा जवळपास दीडपट ताठ होतो. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह ॲक्सल आणि चासी यांच्यातल्या अंतरावरून वजन ओळखतो. पाटे ताठ केले की गाडी भरूनही बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि नेमक्या भरलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. पाटे बदलले तर तो व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्या, मेस्त्री विसरले तरी आपण आठवण करा.

टायरचं थोडक्यात. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ घातले की चाक ४ टक्क्यांनी मोठं होतं, म्हणजे चढावरची ओढ तेवढीच घटते आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. काही मोठं करायचं असेल तर आधी आरटीओत विचारावं.

मामाने टर्बो घेतला नाही. होज, दोन्ही फिल्टर, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं), डिझेल फवारणाऱ्या नोझलची तपासणी, डॉट ४ ऑइल आणि पुढचे ब्रेक पॅड, एवढंच केलं. परवा मी सोबत गेलो. येताना नारळ भरूनही गाडीने तिसरा गिअर सोडला नाही. त्याआधी, उतरताना, घाटाखालच्या केरीला चहाला थांबलो तेव्हा मामाने चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला. पुढची दोन्ही सारखीच तापलेली, मागचं उजवं कोमट, डावं मात्र हात ठेववेना. त्या चाकाचा ब्रेक सुटत नसणार. येत्या रविवारी तो ड्रम खोलायचा आहे.