जड बाईक आणि पंधरा अंश

“जड बाईक रस्त्याला धरून चालते, त्यामुळे शिकायचं तर थेट तिच्यावरच शीक.” हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. त्याच्या जोडीला दुसरा ठरलेला असतो: “अंगापिंडानं चांगला दणकट आहेस, सहज झेपेल तुला.” सांगणारे प्रेमानं सांगतात आणि पहिल्या वाक्यात थोडं तथ्यही आहे. मोकळ्या रस्त्यावर वारा आडवा येतो तेव्हा अडीचशे किलोची बाईक हलक्या बाईकपेक्षा खरंच कमी डगमगते. पण नवशिका माणूस बाईक पाडतो कुठे? वळून उभं राहताना, गर्दीत पुढे सरकताना, यू-टर्न घेताना. म्हणजे जवळजवळ चालायच्या वेगाला. तिथलं भौतिकशास्त्र निराळं आहे, आणि मला ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात एका मित्राबरोबर रिकाम्या मैदानावर गेलो होतो. मित्र सहा फुटी, रोज व्यायाम करणारा. बाईक नवी, वजन अडीचशे किलोच्या आसपास. सरळ जाणं, गिअर बदलणं, थांबणं, सगळं अर्ध्या तासात जमलं. मग मैदानाच्या टोकाला यू-टर्न घेताना त्यानं हँडल पूर्ण वळवलं, बाईक आत झुकली, त्याला वाटलं आता पडणार, आणि चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. बाईक जागच्या जागी थांबली आणि तशीच सावकाश डावीकडे कलंडली. त्यानं पाय टेकवला, पण खडीवरून बूट घसरला. घोटा थोडक्यात वाचला. क्लचची लिव्हर वाकली, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं, आणि बाईक उभी करायला आम्ही दोघंही लागलो. तो वारंवार एकच म्हणत होता, “मी धरली होती रे, पण ती कलंडायची थांबलीच नाही.”

ती कलंडायची का थांबली नाही, हे समजायला बाईक मुळात उभी कशी राहते ते पाहावं लागेल. फिरणाऱ्या चाकांच्या गायरोस्कोपिक परिणामामुळे, म्हणजे फिरती वस्तू आपली दिशा सहज बदलू देत नाही म्हणून, ती उभी राहते, असं अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. डेव्हिड जोन्स या संशोधकांनी १९७० साली सायकलीला उलट फिरणारं एक जादा चाक लावून हा परिणाम खोडून काढला, तरी ती सायकल चालवता आली. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात तर हा परिणाम नाहीसा केलेली सायकल स्वाराशिवायही स्वतःचा तोल सांभाळताना दिसली. चाकांचं फिरणं थोडी मदत करतं, पण मुख्य काम हँडल करतं. बाईक डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळतं, चाकं कलणाऱ्या वजनाच्या खाली सरकतात आणि बाईक सावरते. तळहातावर काठी उभी धरताना आपण हात काठीखाली नेत राहतो, अगदी तसंच.

आता थोडं गणित. हँडल वळवल्यानं आडवं त्वरण किती मिळतं? वेगाचा वर्ग, गुणिले हँडलच्या कोनाचा टॅन, भागिले दोन चाकांमधलं अंतर. हे अंतर साधारण १.४ मीटर धरू. ताशी ५ किलोमीटर वेगाला हँडल २० अंश वळवलं, तर जेमतेम ३ अंशांचा कल पेलण्यापुरतं त्वरण मिळतं. ताशी ४० किलोमीटरला तोच ३ अंशांचा कल पेलायला हँडल एक तृतीयांश अंश वळवलं तरी पुरतं, इतकं कमी की स्वाराला ते जाणवतही नाही. वेग आठपट झाला, परिणाम चौसष्टपट. वेगाचा वर्ग सगळी कामं गुपचूप करून टाकतो, आणि म्हणूनच वेगात बाईक ‘आपोआप’ चालते असं वाटतं. या सूत्रात वस्तुमान कुठेही नाही. वळणावर किती झुकायचं याच्या सूत्रातही ते नाही. चालत्या बाईकचा तोल सांभाळताना तिचं वजन किती, हा प्रश्न जवळपास गळून पडतो.

आता मित्राच्या यू-टर्नकडे परत येऊ. ताशी ८ किलोमीटर वेग आणि हँडल ३५ अंश वळलेलं असेल, तर साधारण १४ अंशांचा कल अगदी संतुलित असतो. म्हणजे त्याला ‘पडतेय’ वाटलं त्या क्षणी ती पडत नव्हती, नीट वळत होती. त्यानं ब्रेक आवळला आणि वेगाचा वर्ग शून्य केला. तोल धरून ठेवणारी एकमेव गोष्ट काढून घेतली, कल मात्र १४ अंशांचा तसाच राहिला.

वजन आत येतं ते इथे, आणि सगळं एकदम येतं. बाईक २५० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, हँडल एक मीटर उंचीवर, असं समजू. ५ अंशांवर हँडलपाशी साधारण ११ किलोचा जोर लावून ती धरता येते. १५ अंशांवर ३२ किलो. ३० अंशांवर ६२ किलो, तोही तिरक्या अंगानं, एका पायावर, खडीवर. १३० किलोच्या बाईकला १५ अंशांवर १७ किलो पुरतात. टाकीत पंधरा लिटर पेट्रोल असेल तर साधारण ११ किलो आणखी, तेही वरच्या बाजूला.

पडण्याचा वेग मात्र वजनावर अवलंबून नाही. गुरुत्वमध्याची उंची आणि वजनाची मांडणी सारखी असेल तर हलकी आणि जड बाईक सारख्याच वेगानं कलंडतात. ५ अंशांवरून १५ अंशांवर जायला सुमारे अर्धा सेकंद. धोका ओळखून पाय हलायला लागेपर्यंत त्यातला निम्मा वेळ गेलेला असतो. उरलेल्या पाव सेकंदात हलकी बाईक सावरता येते. जड बाईकच्या बाबतीत तोवर दार बंद झालेलं असतं, दंडाचा घेर कितीही असो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. तोल सांभाळणं पुस्तक वाचून येत नाही. त्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि तो चुकांमधून शिकतो. हालचाल कशी व्हायला हवी होती आणि कशी झाली, यातल्या फरकाचा संदेश तिथल्या पेशींपर्यंत जातो आणि पेशींमधल्या जोडण्या थोड्या थोड्या बदलतात, अशी ही मांडणी आहे. तिचा पाया मेंदूचे अभ्यासक डेव्हिड मार यांनी १९६९ साली घातला आणि चुकीच्या संदेशाची कल्पना जेम्स अल्बस यांनी १९७१ साली मांडली. अशा शिकण्याला छोट्या आणि पुष्कळ चुका लागतात. हलकी बाईक दिवसात पन्नास वेळा चुकू देते. बाईक कलली, पाय टेकला, सावरली, पुन्हा निघाली. जड बाईक पाच-सात अंशांपर्यंत चूक चालवून घेते आणि त्यापुढे थेट जमिनीवर आडवी होते. दोन-तीनदा असं झालं की माणूस चुकायलाच घाबरतो, हँडल घट्ट धरतो, हळू वळणं टाळतो. मग तो तीन वर्षं चालवूनही तिथेच राहतो.

इंजिनाच्या ताकदीचा मुद्दा वेगळा, तो थोडक्यात सांगतो. मोठ्या इंजिनाच्या बाईकची मूठ जरा जास्त पिळली गेली की बाईक पुढे झेपावते, अंग मागे फेकलं जातं, आणि मागे जाणारं अंग मूठ आणखी पिळतं. चुकीतून मोठी चूक जन्मते. युरोपात २०१३ पासून लागू असलेल्या नियमांत परवान्याच्या पायऱ्या आहेत: आधी ११ किलोवॅटपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, मग मोठ्या बाईक. ऑस्ट्रेलियात नवशिक्यांना ६६० सीसी आणि दर टनामागे १५० किलोवॅट ही मर्यादा आहे. चांगले नियम आहेत. पण टनामागे किती शक्ती हे मोजलं की बाईक जितकी जड तितकी ती शक्तीची चाळणी सहज पार करते. यू-टर्नमध्ये काय होईल, हा प्रश्न त्या चाळणीत येतच नाही.

जाहिराती सांगतात की आता एबीएस आहे, मागचं चाक जागच्या जागी गरगरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, काळजी नको. एबीएस खरोखर जीव वाचवतं, त्याबद्दल शंका नाही. पण ते चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. थांबलेल्या, कललेल्या बाईकला ते धरू शकत नाही. दुसऱ्या टोकाला, बाईक दोनदा पडली की “गाडी लाभत नाही” म्हणून ती विकून टाकणारी माणसंही मी पाहिली आहेत. लोखंडाला कुणाशी वैर नसतं. त्याच माणसानं त्याच सवयीनं पुढची बाईक घेतली, तर चौदा अंशांचं गणित तिलाही लागू होतं.

अपघातांचे संशोधक हॅरी हर्ट यांच्या गटानं लॉस एंजेलिसमध्ये नऊशेहून अधिक मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ साली अहवाल आला. त्यातलं एक निरीक्षण मला वारंवार आठवतं: अपघातातल्या स्वारांना रस्त्यावरचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता, पण निम्म्याहून अधिक जणांना *त्या* बाईकचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. बाईक बदलली की लहान मेंदूला हिशेब पुन्हा मांडावा लागतो, मग तुम्ही नवशिके असा वा नसा.

मित्राची जड बाईक सध्या झाकून ठेवलेली आहे. तो सव्वाशे किलोच्या जुन्या बाईकवर दोन दगडांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढतो. हाफ क्लच, थोडी रेस, मागच्या ब्रेकवर हलका पाय, नजर पुढच्या दगडावर. पुढच्या ब्रेकवरची बोटं त्यानं स्वतःहून काढून मुठीभोवती गुंडाळली आहेत. रविवारी मी बाजूला उभा राहून मोजत होतो. तासाभरात त्याचा डावा पाय अकरा वेळा जमिनीला लागला, उजवा चार वेळा. बाईक एकदाही पडली नाही.