प्रादेशिक विमानसेवा आणि महाराष्ट्रातील छोटी शहरे

प्रादेशिक विमानसेवा म्हणजे छोट्या शहरांना महानगरांशी किंवा एकमेकांशी जोडणारी, तास-दीड तासाच्या अंतरातली नियमित प्रवासी वाहतूक. भारतात ती मुख्यतः एटीआर-७२ सारख्या सत्तरएक आसनांच्या पंख्याच्या विमानांवर चालते. ही विमाने आखूड धावपट्टीवरही उतरतात. सकाळी निघून काम उरकून रात्री घरी परत येता येणे, हा या सेवेचा सर्वांत मोठा उपयोग. म्हणून विमानतळाच्या इमारतीपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. फेरी आठवड्यातून दोनदाच असेल किंवा आयत्या वेळी रद्द होत असेल, तर व्यापारी आणि रुग्णाचे नातेवाईक रात्रीची गाडीच धरतात.

केंद्र सरकारची ‘उडान’ योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गाने तिचा आरंभ झाला आणि त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद फेरीही सुरू झाली. ठरावीक आसनांना तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली गेली. कंपनीला येणारी तूट तीन वर्षे अनुदानातून भरायची, त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याचा वाटा २० टक्के. केंद्राचा वाटा मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या शुल्कातून येतो. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वारामुळे यात्रेकरूंचा ओघ बारमाही आहे आणि पुढे तिथून अमृतसरला विमान सुरू झाले. शिर्डीचा विमानतळ (कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे, १ ऑक्टोबर २०१७) भाविकांवरच उभा आहे.

अशी हुकमी गर्दी सगळीकडे नसते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार ‘उडान’च्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. त्या ११२ पैकी मार्च २०२३ मध्ये ५४ मार्गच चालू होते. महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. छोट्या गावाला बहुधा मुंबईच गाठायची असते, आणि मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते. मोठ्या विमानांच्या रांगेत सत्तर आसनांच्या विमानाला सकाळची वेळ मिळणे कठीण जाते.

सिंधुदुर्गाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९९७ साली पर्यटन जिल्हा घोषित झालेल्या या जिल्ह्यात परुळे-चिपीच्या सड्यावरचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. गणपतीला कोकण रेल्वेत रात्रभर उभ्याने गाव गाठणाऱ्या चाकरमान्याला मुंबईहून तास-सव्वा तासात वेंगुर्ले तालुक्यात उतरता येऊ लागले. मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासवाल्यांनाही शनिवार-रविवारच्या पाहुण्याची आशा वाटू लागली. पण जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला चिपीपेक्षा मोपा जवळ, आणि तिथे विमानेही कितीतरी जास्त. चिपीच्या मुंबई फेरीची अनुदानाची तीन वर्षे भरली आणि २०२४ च्या अखेरीस ती बंद पडली. एका जिल्ह्याचे प्रवासी दोन विमानतळांत वाटले गेले तर धाकट्याला अनुदान संपल्यावर तग धरता येत नाही, आणि ही गोष्ट चिपीचे नियोजन करतानाच ध्यानात घ्यायला हवी होती.

सोलापुरात विमानसेवेची किंमत सगळ्या शहराने डोळ्यांनी पाहिली. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या हवाई मार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी येत होती. एका बाजूला विमान नाही म्हणून कंपन्या येत नाहीत आणि पोरे पुण्याला जातात असे म्हणणारे शहरवासी. दुसऱ्या बाजूला ऊस घालणारे सभासद आणि कामगार. वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर १५ जून २०२३ रोजी पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडण्यात आली, काही सेकंदांत ती जमिनीवर आली. पहिले नियमित विमान मात्र ९ जून २०२५ रोजी उडाले, तेही मुंबईला नव्हे, गोव्याला. दोन्ही बाजूंची मागणी रास्त होती. चिमणी पाडण्याची तारीख ठरली तशी विमानाचीही आधी ठरवायला हवी होती.

जमिनीचा प्रश्न मोठ्या विमानतळांना अधिक जाचतो. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. तिथल्या आगरी-कोळी कुटुंबांना संपादित जमिनीच्या २२.५ टक्के विकसित भूखंड मिळाले. याला पूर्वपीठिका आहे ती नवी मुंबईच्या जमीन संपादनाविरुद्धच्या १९८४ च्या जासई आंदोलनाची; दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. विमानतळाला दिबांचे नाव देण्याची मागणी त्याच आठवणीतून येते.

पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांत विमानतळासाठीच्या संपादनाला विरोध झाला. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी शेतकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. अंजीर, सीताफळ, वाटाणा ही इथली पिके. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१६ साली. विमानतळासाठी या भागाची निवड जाहीर झाली तीही त्याच वर्षी.