इंगा ओळशेती

जंगल तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला पर्याय म्हणून मध्य अमेरिकेत विकसित झालेली पीकपद्धती. इंगा या शेंगवर्गीय झाडांच्या दाट रांगा लावून मधल्या पट्ट्यांत मका, घेवडा अशी पिके घेतली जातात. ब्रिटिश परिस्थितिवैज्ञानिक माइक हँड्स यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोस्टा रिकात प्रयोग सुरू केले. पुढे होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या डोंगराळ भागात ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली.

फिरत्या शेतीत राखेमुळे आम्ल जमीन तात्पुरती सौम्य होते आणि पहिले पीक जोमदार येते. पण वर्षावनातला पाऊस राख वाहून नेतो, उरलेला स्फुरद (फॉस्फरस) मातीतल्या लोह व ॲल्युमिनियमशी जखडला जातो आणि दोन-तीन हंगामांत शेत तणाने भरते. पूर्वी जमीन दीर्घकाळ पडीक ठेवून जंगलाला परत येऊ देत असत. जमिनीची टंचाई वाढली तशी ही विश्रांती आखडत गेली. शेतकरी हौसेने जंगल जाळत नाही, त्याचे जुने शेत पिकेनासे झालेले असते. हे लक्षात न घेता घातलेली बंदी अन्यायाची ठरते.

ओळशेतीसाठी आधी आपल्याकडे परिचित असलेली सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही झाडे वापरली जात. त्यांचा पाला नायट्रोजन देतो, पण झटकन कुजून जातो. सुबाभूळ तर आम्ल जमिनीत नीट वाढतही नाही. इंगाचे पान जाड, चिवट. ते सावकाश कुजते, त्यामुळे जमीन झाकलेली राहते. झाडाच्या मुळांवर नायट्रोजन बांधणाऱ्या गाठी असतात, शिवाय बुरशीच्या साहाय्याने ती कुजणाऱ्या पाल्यातला स्फुरद पावसाने वाहून जाण्याआधीच उचलतात. कमी पडणारा स्फुरद खडकाच्या भुकटीतून देता येतो.

रांगांत सुमारे चार मीटर आणि रोपांत अर्धा मीटर अंतर ठेवतात. साधारण दोन वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात आणि गडद सावलीत तण मरून जाते. मग झाडे छातीएवढ्या उंचीवर छाटतात. जाड फांद्या चुलीला जातात; पाला जागेवरच पसरतात. त्या थरातून काठीने भोके पाडून मक्याचे दाणे टोबतात. नांगरणी नाही, जाळणे नाही. पीक निघेपर्यंत खुंटांना पुन्हा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी त्याच जागी तोच क्रम चालतो. काही पट्ट्यांत मिरीसारखे नगदी पीकही घेतात.

प्रसारातली मुख्य अडचण सुरुवातीच्या दोन वर्षांची आहे. त्या काळात या तुकड्यातून धान्य मिळत नाही, म्हणून कुटुंबाला दुसरीकडे पेरावे लागते. जमिनीचा हक्क पक्का नसेल, तर इतकी वाट पाहायला कोण धजेल? बियांचाही प्रश्न असतो. गोड पांढऱ्या गरातले हे बी वाळवून साठवता येत नाही, पुष्कळदा ते शेंगेतच रुजते. त्यामुळे नव्या गावात काम सुरू करताना जवळपास फळणारी इंगाची झाडे आणि हंगामात तयार ठेवलेली रोपवाटिका, दोन्ही लागतात.